मुरांब्याचा दाखला

मंदा मेली तेव्हा मी इस्पितळाबाहेर चहा पीत होतो. सून जिना उतरून आली आणि म्हणाली, "आबा, आई गेल्या." मी उरलेला चहा पिऊन टाकला आणि मग उठलो... सव्वा महिना झाला त्याला. भेटायला येणारी माणसं म्हणतात, तिचं नशीब. नशीब कसलं, मी उशीर केला.

लग्न होऊन भाट्याच्या खाडीवर आली तेव्हापासून ती ओहोटीला खडपात, उघड्या पडलेल्या खडकांत, कालवं काढायला जायची. कोयतीने त्यांची शिंपी फोडायची आणि जीभही तशीच चालवायची. साखरेचं दुखणं निघालं त्याला आठेक वर्षं झाली. गोळ्या आठवल्या तर खायची. त्या दिवशी कालवाची शिंपी तळव्यात घुसली आणि तिला कळलंसुद्धा नाही. घरात रक्ताचे ठसे उमटले, ते सुनेने बघितले. "दुखत नाय," मंदा म्हणाली. मी म्हटलं, दुखत नाही म्हणजे लागलंच नाही. त्या रोगात तळवे बधिर होतात हे मला इस्पितळात कळलं. दुसऱ्या दिवशी पाय सुजला. सून म्हणाली, "आबा, आईंची शुगर तीनशेच्या वर आहे, आत्ताच्या आत्ता नेऊया." मी हसलो. "मुरांबा साखरेत वर्षभर टिकतो. तुझी सासू चार दिवसांत सडते काय?" मंदाही हसली. त्या हसण्यावर दोन दिवस गेले. मग ताप भरला आणि पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला.

डॉक्टरीणबाईंनाही मी तोच मुरांब्याचा दाखला दिला. लाज वाटली नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "काका, पाकात साखर इतकी असते की जंतू वाढूच शकत नाहीत. रक्तात तेवढी कधी होत नाही, तिथे ते मजेत राहतात. सुस्तावतात त्या जंतूंना खाणाऱ्या पांढऱ्या पेशी. जखमेपाशी उशिरा पोचतात, पोचल्या तरी नीट मारत नाहीत." म्हणजे चोर ताजेतवाने आणि राखणदार पेंगलेले.

पाय गुडघ्याखाली कापायचं ठरलं. मंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "कापलेला टाकू नका हां. बरणीत घाला, मुरवा." नर्स हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पाय कापला, पण विष रक्तात चढलं होतं. चौथ्या दिवशी गेली.

आता ओहोटी लागली की बाया आमच्या दारावरून खाडीत जातात. मी त्यांना थांबवतो, तळवे दाखवा म्हणतो. म्हातारा चळला, म्हणतात. काल शेवंता, मंदाची जोडीदारीण आणि तीही साखरेचीच, परत येताना थांबली. मंदा पाय धुवायची त्या पायरीवर तिने चिखलाचा पाय आपटला.

"घ्या, बघा. मंदाचा कधी बघितलात?"

शेवंताचा पाय धड होता. ती बडबडत निघून गेली.

चाळीस वर्षं मंदा त्या पायरीवर बसून पाय धुवायची आणि मी वर बाकावर बिडी ओढत असायचो... जांभ्याची पायरी तिच्या टाचांनी मधोमध झिजली आहे, ती मी रोज बघतो. टाचा कशा होत्या, ठाऊक नाही.