दादाचं घर बघायला सायखेड्याला

नाशिकला निघालो म्हटलं की आमच्या साताऱ्यात जो तो देवदर्शनाचा बेत आखून देतो. पंचवटी, त्र्यंबक, वेळ उरलाच तर वणी. आम्ही मात्र निघालो होतो एक घर बघायला. तिथे राहणार होता माझा थोरला भाऊ, विनूदादा.

दादा सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याला वाचता येत नाही, एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही, आणि आपण एका दमात सांगतो ते त्याला सावकाश, एकेक करून सांगावं लागतं. आजवर त्याचं सगळं आईने केलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आता तिलाच उठायला दोघं लागतात, आणि ‘माझ्यामागे विनूचं काय’ हा तिचा रोजचा जप झाला आहे. निघताना तिने मला बजावलं, “त्याला आवडलं तरच. तोंड पडलेलं दिसलं तर त्याच पावली परत आण.”

दादाला खिडकीची जागा मिळाल्यामुळे पुण्यापर्यंतच नव्हे, पार सिन्नरपर्यंत त्याचं काही म्हणणं नव्हतं. नाशिकला उतरल्यावर आधी मिसळ. काळा रस्सा, वर तळलेला पापड, शेजारी दह्याची वाटी. दादाने पापड रश्श्यात बुडवला, खाल्ला, आणि मालकाकडे बघून टाळी वाजवली. मालकाने दुसरा पापड फुकट दिला. माझं लक्ष मात्र खाण्यात नव्हतं. याआधी मी दोन संस्था एकटीने बघून आले होते. दोन्हीकडे फरशी लख्ख, सगळ्यांचे केस एकसारखे कापलेले, आणि माणसं भिंतीला टेकून ओळीने बसलेली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ती शांतता मला अजून आठवते आणि संतापच येतो.

निमाणीच्या स्टँडवरून सायखेड्याची एसटी मिळाली. शेजारी एक आजी होत्या, बाजारात शेवंती विकून रिकाम्या पाट्या घेऊन परत चाललेल्या. कुठे जाताय, कोणाकडे जाताय, हा कोण, सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, “त्या घरी व्हय! लय बडबडी माणसं हायेत ती. आमच्याकडून शेवंतीची रोपं नेली, तर लावली कशी ते दाखवायला पुन्यांदा बोलावलं. चहा पाजल्याबिगर सोडत नाय.”

बाहेर द्राक्षांचे मांडव आणि मध्येमध्ये कांद्याची लागण. वाफ्यांत उळं (कांद्याचं बी) टाकलेलं होतं तिथे गर्द हिरवी लव उठली होती. थंडी अशी की दुपारीसुद्धा दादाने कानटोपी काढली नाही.

गावाच्या अलीकडे, गोदावरीच्या अंगाला ते घर आहे. बैठं, लांबट, अंगणात दोरीवर रंगीबेरंगी कपडे. दारातच एक बुटक्या, ठसठशीत बाई उभ्या होत्या. कपाळाला मोठी टिकली, अंगात लाल स्वेटर. त्या रंजना. दादासारख्याच, पण या घरात अनेक वर्षं राहणाऱ्या. नवीन माणसाला घर दाखवण्याचं काम त्यांच्याकडे असतं.

“विनायकभाऊ, चहा कसा घेता?” रंजनाने विचारलं.

“बिनसाखरेचा,” मी म्हणाले.

आतून टाळ्या पडल्या. स्वयंपाकघरातून हिराबाई, तिथल्या स्वयंपाकीण, कोथिंबिरीची एक जुडी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, “निवडा ताई. हितला कायदाच हाय. दुसऱ्याच्या वतीनं बोललं का कोथमीर निवडायची.”

मला वाटलं गंमत करताहेत. तेवढ्यात घर चालवणाऱ्या अनघाताई आल्या आणि माझ्या शेजारी बसून स्वतःही निवडायला लागल्या. “सकाळी मीच रंजनाच्या वतीने डॉक्टरांना बोलले,” त्या म्हणाल्या. “हा कायदा इथल्या मंडळींनीच केलाय. सगळ्यांत जास्त कोथिंबीर मी निवडते.”

दादाने चहा साखरेचा घेतला. दोन चमचे.

मग रंजना त्याला घर दाखवायला निघाली आणि मी जुडी घेऊन मागोमाग. प्रत्येक खोलीवर तिने टकटक केलं आणि आतून “या” ऐकू आल्यावरच दार ढकललं. एका खोलीतून “आत्ता नको” आलं, तर आम्ही मुकाट पुढे गेलो. दाराला कडी आतून होती. एकाच्या भिंतीवर ट्रॅक्टरचीच चित्रं, दुसऱ्याच्या कॉटखाली सात जोडी चपला. फिनेलचा वास कुठेच नव्हता, होता तो फोडणीचा. अंगणात एक कुत्रा दादाकडे धावत आला आणि मी घाईने म्हणाले, “अहो, त्याला कुत्र्यांची भीती वाटते!” दादा तोवर खाली बसून त्याचे कान खाजवत होता. हिराबाईंनी न बोलता दुसरी जुडी आणून दिली. सगळं अंगण हसलं, आणि खरं सांगते, मीही पोट धरून हसले.

जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्श्यात शिजवलेले वेढे) आणि बाजरीची भाकरी. जेवताना मी अनघाताईंना मनातलं विचारलं. रात्री कोण असतं? कामाला आलेली माणसं टिकतात का? कोणी हात उगारला तर?

“रात्री दोघं जागी असतात,” त्या म्हणाल्या. “माणसं मिळणं अवघड आहे, खोटं कशाला सांगू? मागच्या वर्षी एकाने हात उगारला, तर त्याच दिवशी घालवला. ते आम्हाला रंजनाने सांगितलं. सांगितलं की ऐकलं जातं हे तिला माहीत होतं, म्हणून सांगितलं.”

पानं उचलली गेली आणि सगळे ओट्यावर उन्हाला बसले. आता मुख्य गोष्ट. अनघाताई दादासमोर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, “विनायकभाऊ, इथे महिनाभर राहून बघायचं का? महिन्यानंतर पुन्हा विचारू. घरी जायचं असेल तर घरी जाल.”

दादा हाताची बोटं एकमेकांत अडकवत होता, सोडवत होता. माझ्या ओठांवर शब्द आले होते. ‘त्याला आईची सवय आहे,’ ‘थोडा वेळ द्या,’ असं काहीबाही. हिराबाईंचा हात कोथिंबिरीच्या टोपलीकडे गेला आणि मी ओठ घट्ट मिटले. आयुष्यात इतकं अवघड काम मी क्वचितच केलं असेल.

बऱ्याच वेळाने दादाने विचारलं, “रेडिओ कोण लावतं?”

“ज्याची पाळी असेल तो,” रंजना म्हणाली. “आज माझी हाय.”

“माझी कधी?”

“राहिलात तर उद्या.”

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. तो अनघाताईंना म्हणाला, “राहतो.”

सत्तेचाळीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मला रडू आलं, आणि आनंदाने आलं हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पिशवीतले कपडे त्याने स्वतः कपाटात लावले, अर्थात चुरगळून. संध्याकाळच्या गाडीसाठी मी निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत आला. आता गळ्यात पडेल, म्हणून मी पदर सावरून तयार. तेवढ्यात आतून ताटांचा आवाज आला. “छबे, तू जा,” दादा म्हणाला. “मला पानं मांडायचीत.” आणि मागे वळून न बघता आत गेला. मी तशीच फाटकात उभी राहिले आणि मग एकटीच हसत सुटले.

साताऱ्याला पोचले तर आई जागीच होती. काय खाल्लं, रडला का, पांघरूण नीट आहे का, अशी तिची सरबत्ती. मी सगळं सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. म्हणाली, “मी येत्या रविवारीच जाऊन येते. गाडी करू.”

सकाळी अनघाताईंच्या फोनवरून दादाचा फोन आला. मागे रेडिओ मोठ्याने लागलेला. आईने सांगितलं, “विनू, मी रविवारी येते हं.”

“रविवारी नको,” दादा म्हणाला. “रविवारी आम्ही नदीवर जाणार. मी बोलावीन तेव्हा ये.”

आईने फोन खाली ठेवला. मला वाटलं, तिला लागलं. पण ती डोळे पुसून हसायला लागली. “ऐकलंस?” ती म्हणाली. “बोलावीन म्हणतो. माझा विनू मला त्याच्या घरी बोलावणार.”