यादीबाहेरचा बाजार

बाजारात तिला सगळे भाववाली म्हणत, आणि तिची त्याला हरकत नव्हती. काम होतंच तसं. एका कंपनीसाठी ती दर महिन्याला शहरभर फिरून दोनशे चौदा वस्तूंचे भाव टिपून आणायची. दुसऱ्या देशातल्या एका मोठ्या शहरात अशीच एक बाई त्याच दोनशे चौदा वस्तूंचे भाव टिपायची. मग दोघींचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून कंपनी ठरवायची, की इथला साहेब तिकडे बदलून गेला तर त्याला भत्ता किती वाढवून द्यायचा. एकोणीस वर्षं दोघी एकमेकींना तक्ते पाठवत होत्या, आणि दोन्ही तक्ते कंपनीकडे धाडायचं काम भाववालीचं होतं. आवाज मात्र कधी ऐकला नव्हता.

काम तिचं चोख. चकचकीत दुकानात शिरायचं, आयात केलेल्या चीजचा भाव लिहायचा आणि काही न घेता बाहेर पडायचं. सलूनमधली मुलगी तर तिला खुर्चीही दाखवत नसे, सरळ दरपत्रकच पुढे करी. एवढ्या वर्षांत तिने एकाही दुकानदाराला दमडीचा धंदा दिला नव्हता, तरी सगळे तिला पाणी विचारत.

अशा बाईच्या मुलीला नेमकी त्याच शहरातल्या इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी लागली. पगार इथल्या दुप्पट. मुलगी हरखली, बापाने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं, आणि भाववालीने मनातल्या मनात हिशेब मांडला. पगार दुप्पट खरा, पण तिच्या तक्त्याप्रमाणे ते शहर तिप्पट महाग होतं. नुसतं घरभाडंच पाऊण पगार गिळत होतं. उरलेल्यात पोरीने काय एक्स-रे खायचे?

"आई, शुक्रवारपर्यंत कळवायचंय," मुलगी म्हणाली. "बाबांना विचारण्यात अर्थ नाही, ते कशालाही हो म्हणतात. भावातलं तुला कळतं. तू नाही म्हणालीस तर मी नाही जात."

हेच तिला नको होतं. पोरीने हट्ट धरला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. आता सगळा भार एकटीच्या माथ्यावर. तीन दिवस ती तक्ता मांडून बसली. चीज गाळलं, टॅक्सी गाळली, सुटाची धुलाई गाळली, तरी हिशेब काही बसेना. नाही म्हणावं तर पोरगी जन्मभर इथेच अडकणार, हो म्हणावं तर परक्या ठिकाणी उपाशी राहणार. गुरुवारी सकाळी नवऱ्याने "अजून ठरत नाही का?" एवढंच विचारलं, तर ती त्याच्यावरच खेकसली.

दुपारी तिने तक्त्याच्या तळाशी छापलेला तिकडचा नंबर फिरवला आणि आपण कोण ते सांगितलं.

"तुम्ही? माझ्या तक्त्यात काही चुकलं का?" पलीकडचा आवाज घाबरला.

"नाही हो. तुमचं कधी चुकत नाही, तेच तर दुखणं आहे." मग मुलीची नोकरी, पगार, शुक्रवार, तिने सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिकडची बाई म्हणाली, "एक विचारू, ताई? तुमच्या सलूनचे दर मी दर महिन्याला वाचते. तुम्ही स्वतः कधी तिथे केस कापलेत?"

भाववालीचा हात आपसूक मानेवर गेला. तिचे केस तिची बहीण कापायची, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून, गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळून.

"छे, तिथे कोण जातंय?"

"मग मी तरी ते चीज कधी खाल्लं असेल? यादी साहेबांची आहे, ताई. मी नदीपलीकडे राहते. बसने पाऊण तास लागतो. बाजार उठायच्या वेळी गेलं की भाजी निम्म्या भावात मिळते. तुमच्या मुलीच्या त्या इस्पितळातल्या दोन नर्स माझ्याच मजल्यावर राहतात, तिसरी सोबतीण शोधताहेत. आणि पगार जो म्हणालात ना, तो माझ्यापेक्षा जास्त आहे. माझी दोन पोरं याच शहरात शिकली."

भाववालीचा जीव भांड्यात पडला. स्वतःचा रागही आला तिला. एकोणीस वर्षं भाव टिपले, पण एवढं सुचलं नाही, की यादीच्या भावाने आपण आपल्याच शहरात आठवडाभरही टिकलो नसतो. मग तिला हसू फुटलं, पलीकडचीही हसायला लागली, आणि दोघी परदेशी फोनचं बिल विसरून हसत राहिल्या.

संध्याकाळी तिने मुलीला सांगितलं, "जा तू."

"आणि तुझा तक्ता?"

"तो साहेबांसाठी आहे. तू काय साहेब लागून गेलीस?"

मुलगी गेली. फोनवर "मी बरी आहे" म्हणायची, पण असल्या "बरी आहे"वर कुठल्या आईचा विश्वास बसतो? महिनाअखेरीला तिकडचा तक्ता आला. दोनशे चौदा ओळी नेहमीसारख्या चोख. खाली एक ओळ जास्त होती. क्रमांक दोनशे पंधरा. वस्तू: तुमची मुलगी. भावाचा रकाना रिकामा. शेरा: रविवारी माझ्याकडे जेवली, दोनदा मागून घेतलं.

भाववालीचे डोळे भरून आले. तक्ता कंपनीला पाठवण्याआधी ती ओळ काढणं भाग होतं, आणि तिने ती काढली. पण त्याआधी एक प्रत छापून घेतली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.