राक्षस थांबला होता

मंडळी, एक गंभीर तक्रार नोंदवतो. आमच्या गेममधला राक्षस अतिसभ्य आहे. आपण विचार करून बटण दाबेपर्यंत तो गदा घेऊन नुसता डुलत उभा राहतो. संस्कृत शिकताना असा एकही असुर मला भेटला नव्हता.

असा गेम मी मुद्दाम शोधला. अर्धांगवायूनंतर बायकोच्या उजव्या हाताची बोटं हळू चालतात, त्यांना व्यायाम हवा. भाच्याचा जुना कन्सोल घरात होताच. सकाळी भाईंदर पश्चिमेला दुकानदाराने आधी मारामारीचे गेम काढले. मी म्हटलं, "भाई, दुश्मन रुकनेवाला दो."

"फिर बारी-बारीवाला स्टोरी गेम ले जाओ, अंकल. आराम से खेलो."

दुपारी खेळायला बसलो. तिचा अंगठा बटणापर्यंत पोचायला वेळ लागत होता. मी "दाब ना, दाब" करत राहिलो आणि शेवटी तिच्या हातातून रिमोट काढून घेऊन मीच वार केला.

ती शांतपणे म्हणाली, "अहो, राक्षस थांबला होता की."

तेव्हापासून तिच्याकडे बघायची लाज वाटतेय. तुमच्यापैकी कुणी घरात असं आजारपण काढलंय का? हात सुधारायला वर्ष लागेल म्हणतात. तेवढा धीर माझ्यात नसेल, अशी मला भीती वाटतेय.