मास्तरांचा दुसरा साक्षीदार

हारालांबिये बोतेझातू मास्तरांना कुणी 'आज हवा छान आहे' म्हटलं, तरी ते विचारायचे, "आणखी कोण म्हणतं?" गावानं यावर पुष्कळ हसून घेतलं. मीही हसले. आता हसू येत नाही.

मी गावच्या वाचनालयात चोवीस वर्षं आहे. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, एक शेगडी आणि खिडकीपाशी एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर मास्तरांनी दहा वर्षं ठाण मांडलं होतं. सकाळी नऊला यायचे, टोपी खुंटीला अडकवायचे आणि एका बोटानं टकटक सुरू करायचे. मोल्दोव्हातल्या, नीस्त्रू नदीकाठच्या आमच्या गावाची वेबसाइट त्यांनी त्या एका बोटानं उभी केली. लग्नात नवरीच्या डोक्यावर रुमाल कोण बांधतं, नव्या विहिरीचं पहिलं पाणी कुणाला, मेलेल्याच्या नावानं काय काय द्यायचं, सगळं त्यात. प्रत्येक पानाखाली तीन ओळी असायच्या: कुणी सांगितलं, कधी सांगितलं, दुसरा साक्षीदार कोण. दोघांचं जुळलं नाही तर दोघांचंही लिहायचं, नावानिशी. दुसरा साक्षीदार मिळालाच नाही तर ते पान 'कच्च्या'त पडून राहायचं. आणि गावातल्या म्हाताऱ्या एकेक करून जात होत्या, त्यामुळे कच्चं वाढतच चाललं होतं.

दुसऱ्यांच्या वेबसाइटींवर तर त्यांचा दात होता.

"हे बघ, आक्सीनिया. म्हणे मोल्दोव्हात पाहुणा आला की घरची माणसं दारात नाचतात! तू कधी नाचलीस?"

"पाहुणा आला की मी आधी पसारा पलंगाखाली ढकलते, मास्तर."

"मग तसं लिहा ना लेको!" असं म्हणून ते त्या वेबसाइटवाल्यांना पत्र लिहायला बसायचे. हे तुम्हाला कुणी सांगितलं? कुठल्या गावात? कुठल्या साली? उत्तर कधी आलं नाही. ज्या थोड्या जागा खऱ्या निघाल्या, त्यांची मात्र त्यांनी यादी केली, 'इथे विश्वास ठेवावा' म्हणून. दहा वर्षांत त्या यादीत सात नावं चढली. परदेशात वाढलेली आमची नातवंडं, पोलंडमधली एक विद्यार्थिनी, अशी कुठली कुठली माणसं त्या यादीबद्दल त्यांचे आभार मानायची.

हे वेड कशानं लागलं ते गावाला ठाऊक होतं. त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको पेलागिया वारली. उशिरा झालेली एकुलती एक मुलगी इलिंका तेव्हा इटलीत, पादोव्हात, एका म्हातारीची सेवा करत होती. कागदपत्रं झालेली नव्हती. इकडे आली असती तर परत जाता आलं नसतं, म्हणून आली नाही. चाळिसाव्या दिवशी तिनं तिथेच आईची पोमाना करायची ठरवली. आमच्याकडे त्या दिवशी मेलेल्याच्या नावानं कोलाच, म्हणजे वेणीसारखा वळलेला गोल पाव, त्यासोबत टॉवेल आणि पेटती मेणबत्ती जिवंत माणसाच्या हातात देतात. पण विसाव्या वर्षी घर सोडलेल्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार, आणि बापाला विचारायचा धीर कुठून यायचा? तिनं इंटरनेटवर शोधलं आणि जे पहिलं पान सापडलं त्यावर विश्वास ठेवला. भलत्याच मुलखाची रीत कुणीतरी आमच्या नावावर खपवलेली होती. तिनं फोटो पाठवला: काळं कापड, आईची तसबीर, पुढे व्होडकाचा पेला आणि पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा.

मास्तरांच्या अंगणात अर्धं गाव जमलेलं. त्यांनी सगळ्यांदेखत फोन लावला.

"तुझ्या आईनं जन्मात थेंब घेतला नाही, आणि तू तिच्यापुढे व्होडका मांडलीस? आईचं दुःख करायला मशीनकडून शिकलीस? तुला आई नव्हतीच, असं समज!"

मी शेजारीच कोलाचची परात धरून उभी होते. परात खाली ठेवून तो फोन मी त्यांच्या हातातून काढून घ्यायला हवा होता. घेतला नाही, ते मला अजून सलतं.

इलिंकाचा फोन परत आला नाही. काही महिन्यांनी मास्तरांनीच लावला, तर नंबर बंद झालेला. वर्षभरानं ते वाचनालयात आले आणि म्हणाले, "मला हे मशीन शिकव."

"आता या वयात कशाला, मास्तर?"

"तिथे खोटं लिहिलंय. खरं कुणीतरी लिहायला नको?"

पहिलं पान त्यांनी पोमानाचं लिहिलं. त्याला दोन नाही, नऊ साक्षीदार होते.

पुढे दोन वर्षांनी मी त्यांना दाखवलं, की कुठल्या शहरातून किती जण वाचून गेले हे इथे कळतं. रविवारच्या खाली लिहिलं होतं: पादोव्हा, एक. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. मग दर सोमवारी टोपी काढायच्या आधी ते मशीन लावायचे आणि मला सांगायचे, "आली होती."

"मास्तर, पादोव्हात आपली माणसं काय थोडी आहेत?"

"रविवारी सुट्टी असते तिला."

"आणि दुसरा साक्षीदार?" मी एकदा चिडवलं. माझं तोंड असंच फटकळ. त्यांनी मशीन बंद केलं आणि तीन दिवस आले नाहीत. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पादोव्हा दिसल्या दिवसापासून नवं पान शनिवारीच चढायचं, रविवारी ताजं मिळावं म्हणून. अक्रोड कसे वाळवतात ते त्यांनी लिहिलं, आणि ते अक्रोड त्यांच्या फाटकापाशी असलेल्या झाडाचे होते. मी म्हटलं, एक सरळ ओळ टाका ना, 'इलिंका, फोन कर' म्हणून. तर म्हणाले, "वेबसाइट सगळ्यांची आहे. आणि वाचतेय ना ती? वाचतेय म्हणजे राग गेलाय." एवढ्यावर तो माणूस आठ वर्षं जगला.

यंदा जानेवारीत ते गेले. वेबसाइटवर ती बातमी मीच टाकली.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात आमचं सगळं गाव स्मशानात जेवायला जातं, आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी. पेलागियाच्या थडग्याशी एक बाई उभी दिसली, कानशिलांवरचे केस पांढरे झालेली. मी ओळखलं, इलिंकाच. मास्तरांच्या नावाचा कोलाच आणि मेणबत्ती तिच्या हातात दिली. "देव त्यांना क्षमा करो," ती म्हणाली, अगदी रीतीप्रमाणे. तिच्या कामावरच्या एका बाईनं बातमी वाचून तिला सांगितली होती.

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "दर रविवारी तू वाचायचीस, ते मास्तरांना कळायचं बरं का."

"काय वाचायचे?"

"वेबसाइट. त्यांची."

"कुठली वेबसाइट, आक्सीनियाताई? त्या फोननंतर आपल्याकडचं काही मी कधी शोधलंच नाही. भीती वाटायची. आणि पादोव्हा तर मी त्याच वर्षी सोडलं. तिकडे दक्षिणेला, बारी शहरात असते मी."

मी तिथेच गवतात बसले. ज्या माणसानं साक्षीदाराशिवाय विहिरीचं पाणीसुद्धा लिहिलं नाही, त्यानं आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट एकही साक्षीदार नसताना खरी मानली होती. मला रडू आवरेना. तीच माझी समजूत काढू लागली.

दुसऱ्या दिवशी तिला वाचनालयात नेलं आणि कच्ची पानं उघडून दिली. त्यात आठ वर्षांपूर्वीचं एक पान होतं, 'पेलागियाचा कोलाच'. किती पीठ, किती दूध, वेणी कशी वळायची. शेवटी लिहिलं होतं: 'उरलेल्या कणकेचं ती कबूतर करायची. डोळ्यांना दोन मिरे. ते मुलीला. पहिला साक्षीदार: हारालांबिये बोतेझातू. दुसरा साक्षीदार: इलिंका. विचारायचं आहे.'

तिनं शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मिरे नाहीत."

"काय?"

"एकदा मिऱ्याचा दाणा चावून मी रडरड रडले. तेव्हापासून आई सूर्यफुलाच्या बिया लावायची. बाबा त्या वेळी शाळेत असायचे, त्यांना काय माहीत!" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिनं तोंडावर पदरासारखा रुमाल दाबला.

"दोन्ही लिहिते," मी म्हटलं. "त्यांचा नियमच आहे."

"त्यांचं आधी लिहा."

शुक्रवारी ती बारीला गेली. शनिवारी मी ते पान चढवलं. सोमवारी सकाळी मशीन लावलं. पादोव्हा, एक. कोण आहे देव जाणे, दर रविवारी येतं. त्याच्या खाली, पहिल्यांदाच, बारी. एक.

खुर्ची रिकामी होती. तरी मी तिला म्हटलं, "आली होती, मास्तर."