त्याच्या अंगातला शर्ट

आमच्या समोरच्या खोलीतल्या काकांनी त्यांच्या आवडत्या हिरोचा जेवढा अभ्यास केला, तेवढा त्या हिरोच्या जन्मदात्या आईनेही केला नसेल. ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सुरतेत, कतारगामच्या एका चाळीत, आमची आणि त्यांची खोली समोरासमोर होती. माझे वडील मराठी शाळेत मास्तर. काका धुळ्याकडचे आणि एका डाइंग मिलमध्ये रंगमास्तर, म्हणजे कापडाला कुठला रंग किती घालायचा हे ठरवणारा माणूस. त्यांचे हात मनगटापर्यंत कायम रंगलेले असत. हिरो होता मारामारीच्या सिनेमांतला. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण काकांनीही ते कधी घेतलं नाही. काकू जुन्या रीतीप्रमाणे काकांचं नाव घेत नसत आणि काका हिरोचं घेत नसत. ते त्याला नुसतं 'आपला' म्हणायचे. "आपलानी काचमातून उडी मारी," हे ते दारातून अशा काही आवाजात सांगत, की काकू स्टोव्हवरचं दूध विसरून बाहेर येत.

काकांना गुजराती फर्डं बोलता येई, वाचता मात्र येत नव्हतं. पण गुजराती पेपराच्या पुरवणीत सिनेमाच्या बातम्या भरगच्च असतात असं कळलं आणि त्यांनी तीन आठवड्यांत माझ्याकडून ती लिपी शिकून घेतली. रेशनकार्डावरचं स्वतःचं नाव वाचायची गरज त्यांना सुरतेतल्या सतरा वर्षांत पडली नव्हती. मग गुजराती, हिंदी आणि एक दिवस शिळा मराठी असे तीन पेपर ते रोज पालथे घालू लागले आणि त्यातून नवेच घोळ सुरू झाले. एकदा शूटिंगमध्ये 'आपला' पडला. गुजराती पेपर म्हणत होता डावा हात मोडला, हिंदी म्हणत होता उजवा. काका दोन्ही पेपर घेऊन आमच्या दारात उभे. "मास्तर, तुम्ही शिकेल माणूस. कोणता हात धरू?" वडील वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "दोन्ही धरा." काकांनी दोन्ही धरले आणि प्लॅस्टर निघेपर्यंत मटण सोडलं. पण हात मोडल्याची बातमी सगळे छापतात, प्लॅस्टर निघाल्याची कोण छापणार? काका सुकत चालले. शेवटी एका रविवारी काकूंनीच सांगितलं, की आत्ताच रेडिओवर ऐकलं, दोन्ही हात ठणठणीत आहेत. त्या दिवशी आमच्याकडेही वाटीभर रस्सा आला.

जमवाजमव तर विचारू नका. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिकिटांचे अर्धे तुकडे होते, 'आपला'चं चित्र असलेल्या वह्यांची कव्हरं होती, काडेपेट्या होत्या, साडीच्या खोक्यांवरचे कागद होते. थिएटरवरचा सिनेमा बदलायच्या आदल्या संध्याकाळी ते सायकल घेऊन जात आणि भिंतीवरचं पोस्टर पाणी मारून अलगद सोडवून आणत. ते वाळायला जागा एकच, काकूंची दोरी. त्यामुळे आमच्या चाळीत साड्या आणि लुंग्यांच्या मधोमध बंदूक रोखलेला 'आपला' टांगलेला असे आणि काकूंच्या पातळाला खळ लागे ती वेगळीच. "दुसऱ्यासना नवरा दारू पितस, मना कागद आणस," काकू म्हणत, पण दोरीवर जागा त्याच करून देत.

आता त्या शर्टाकडे येते. एका सिनेमात शेवटच्या मारामारीत 'आपला'ने निळा शर्ट घातला होता. थिएटरात शिट्ट्यांचा कल्लोळ, माणसं खुर्च्यांवर उभी, आणि काका एकटे डोळे बारीक करून शर्ट बघताहेत. एकदा बघून भागेना. सलग सात खेळ झाले. सातव्या खेळाला मी सोबत होते. हिरोच्या बहिणीला खलनायकाने कड्यावर टांगलेलं, माझा जीव टांगणीला, आणि काका माझ्या कानात सांगताहेत, "आसमानी नही शे. मोरपिशी शे. हिरवा शे त्याच्यात, देख." दुसऱ्या दिवशी त्यांनी मिलमध्ये चिंध्या रंगवून तो रंग हुबेहूब उतरवला. शेठ खूश झाला. सगळ्या मुलखातल्या पोरांना तोच शर्ट हवा होता. तागेच्या तागे निघाले. फक्त एक गोष्ट काकांनी आपल्या मनाने केली होती आणि ती मला चोरून सांगितली. पडद्यावरचा रंग कापडावर उतरला की उन्हात मेल्यासारखा दिसत होता, म्हणून त्यांनी त्यात किंचित जांभळा टाकला होता. "आपलाले सांगू नको," असंही वर बजावलं.

एवढं सगळं असून काकांना एक दुःख होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांनी 'आपला'ला पत्रं लिहिली होती. उत्तरादाखल खाली सही असलेला छापील फोटो आला. काकांनी सही उजेडात धरली, अंगठ्याने चोळून पाहिली आणि म्हणाले, "शिक्का शे." "पोरी, ट्रंक भरेल शे. पण त्याना हात लागेल एक वस्तू नही."

ते माझ्या डोक्यात बसलं. पुढे मला बँकेत नोकरी लागली आणि ट्रेनिंगला मुंबईला पाठवलं. तिथे एका स्टुडिओच्या फाटकापाशी एक माणूस सिनेमातले कपडे विकायला बसला होता आणि त्याच्या ढिगात तो मोरपिशी शर्ट होता. बाहीला फाटलेला, कॉलरला मेकअपचा डाग. "मॅडम, क्लायमॅक्सवाला," तो म्हणाला. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. सुरत येईपर्यंत ती पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

काकांनी आधी साबणाने हात धुतले. मग शर्ट दारात, उजेडात नेला. तो उलटा केला, शिवण पाहिली, कापड दोन बोटांत चोळलं. त्यांचा चेहरा हलेना. आनंद झाला की माणूस असाच होतो, असं मला वाटलं. मग एकदम वळले आणि सगळी चाळ गोळा होईल अशा आवाजात म्हणाले, "आपलाना शर्ट इना. मनी पोर लई उनी." म्हणजे माझी पोर घेऊन आली. पेढे वाटले. शर्टाला काचेची चौकट केली. कोसाड, बारडोली, कुठून कुठून त्यांचे दोस्त तो बघायला येत आणि प्रत्येकाला काका तो कडा, ती उडी, सगळं हातवारे करून दाखवत. शेवटी "मनी पोर लई उनी" हे ठरलेलं. मी तर चौकटीकडे बघून फुगून जात असे.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. काकू धुळ्याला मुलाकडे निघाल्या तेव्हा ती चौकट त्यांनी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "अहो, हिरोचा शर्ट आहे, तुम्हीच न्या." काकू हसल्या.

"कसाना हिरोना? तुनी दिधा तवयच त्यास्नी वळखा व्हता. मना हातना रंग मी वळखत नही का, म्हने. आपलीच मिलनं कापड शे, पण पोर एवढी हौस करीसन लई उनी, तिले सांगू नको."

त्या गेल्यावर मी चौकट उघडली आणि शर्ट दारात, उन्हात नेला. मोरपिशी. आणि नीट बघितलं की किंचित जांभळा. इतकी वर्षं तो माझ्यासमोर होता आणि मी हिरोलाच शोधत होते. काकांना जन्मभर त्यांच्या माणसाचा हात लागलेली एक वस्तू मिळाली नाही. माझ्या माणसाचा हात लागलेली वस्तू माझ्याकडे आहे. ती मी भिंतीवर लावली आहे. कोणी विचारलं तर सांगते, त्याचाच शर्ट आहे, शेवटच्या मारामारीतला.