आहेरातली दोन सेकंदं

बेंबळीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. शूटिंग माझा दोस्त करतो. तो गावोगाव हिंडून पंगतीत जेवतो, आणि मी कॉम्प्युटरपुढं बसून लोकांच्या हळदी-अक्षता कापतो. दुसऱ्यांची लग्नं जोडून देणारा माणूस म्हणून गावात माझी चेष्टा व्हायची. बायको पोरीला घेऊन आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला माहेरी गेली आणि ती चेष्टाही बंद झाली. कुणी केली असती तर बरं वाटलं असतं. घरात दिवसभर आवाज म्हणून काय तो कॉम्प्युटरच्या पंख्याचा.

भांडण कशावरून झालं ते उगाळत बसत नाही. दोघंही हट्टाला पेटलेलो. फोन केला की सासरे उचलायचे आणि "पोरगी खेळायला गेलीय" म्हणायचे. पोरगी सारखी खेळतच असायची. मग मीही फोन करायचा सोडला. पण तिची आठवण लई यायची. तिचं तोंड कसं दिसत असंल आता, हेच डोक्यात घोळायचं.

उन्हाळ्यात दोस्तानं वाशीच्या एका लग्नाचं शूटिंग आणून दिलं. नवरी बायकोची चुलत बहीण. मला, घरच्या जावयाला, साधी पत्रिका नव्हती. माझं डोकंच फिरलं.

"दुसऱ्या कुणाला दे," म्हटलं.

"दुसरं कोण हाय इथं? गुमान कर की," म्हणाला.

आमची कामाची रीत ठरलेली. मंगलाष्टकं सोडली तर मूळचा सगळा आवाज बंद करायचा आणि वरून गाणी टाकायची. त्या आवाजात असतं तरी काय, जनरेटर, बँड आणि पंगतीला बसा म्हणून चाललेला आरडाओरडा. आहेराला तर पाहुण्यामागं दोन सेकंदं. चढला, पाकीट दिलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, पुढचा.

दुपारी असाच आहेर कापत होतो, आणि स्टेजवर बायको चढली. सोबत पोरगी. उंच झालेली, पुढचे दात पडलेले. माझा हात माऊसवर तसाच राहिला.

बायकोला कॅमेऱ्याचा भारी वैताग. मी कॅमेरा काढला की तोंडावर पदर. आज मात्र आहेर देऊन ती खाली उतरलीच नाही. मागं पाहुणे खोळंबलेले, आणि ही पोरीची हनुवटी धरून तिचं तोंड कॅमेऱ्याकडं वळवतेय. दोघींचे ओठ हलत होते. मी बंद केलेला आवाज परत चालू केला.

जनरेटरच्या घरघरीतून पोरीचा आवाज आला. "पप्पा हायेत का ह्याच्यात?"

"न्हाईत," बायको म्हणाली. "पण त्यांना आपण दिसतो. नीट हुबी ऱ्हा."

पोरगी नीट उभी राहिली. कपाळावरचे केस मागं सारले आणि बोळकं दाखवून हसली.

दोस्ताचं शूटिंग कुणाकडं येतं, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं. मी रडलो. बघायला कुणी नव्हतंच, त्यामुळं पोटभर रडलो.

तेवढा तुकडा मी कापला नाही. त्याच्यावर गाणंही टाकलं नाही.

व्हिडिओ पुरा झाल्यावर दोस्त बघायला आला. त्या जागी आल्यावर म्हणाला, "हितं गाणं कुठं गेलं? बिघडलाय म्हणतील लोक."

"म्हणू दे," म्हटलं.

त्यानं तो तुकडा परत लावला. पोरीचं बोलणं ऐकलं. मग व्हिडिओच्या पेन ड्राइव्हसाठी हात पुढं केला. पोचवायचं काम कायम त्याचंच.

"आण, सकाळी वाशीला टाकून येतो."

पेन ड्राइव्ह मी माझ्या खिशात घातला.

"ह्या खेपेला मी जातो," म्हटलं. "पोरीलाबी मी दिसाय पायजे."