आधी हाक कोणी मारायची?

तुमच्या घरातल्या माणसाला नोकरीवरून हाकलणारा मालकच त्याच्या शोकसभेत माइक धरून हुंदके देऊ लागला, तर तुम्ही काय कराल? आम्ही माना खाली घालून बसलो. उषामावशी जाऊन पाच-सहा आठवडे झाले, त्या गप्प बसण्याची चीड अजून जात नाही.

मावशी डोंबिवलीतल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत नेटवर्क इंजिनीअर होती. ठाण्यातही तशीच एक कंपनी. गेल्या वर्षापर्यंत डोंबिवलीतून ठाण्याला पाठवलेली मेल अमेरिकेला वळसा घालून यायची! घरी बसून डीटीपी करणाऱ्या बायकांची पानं वाटेतच अडकायची, मग ठाण्याचे छापखाने त्यांना काम देईनात. म्हणून मावशीने मालकाच्या मागे लागून दोन्ही कंपन्यांमध्ये थेट लाइन घ्यायला लावली. आता दोन्हीकडच्या राउटरांनी, म्हणजे मेलला वाट दाखवणाऱ्या यंत्रांनी, एकमेकांना शेजारी मानायचं, आपल्याकडे कुठले पत्ते आहेत ते सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण बोलणंच सुरू होईना. मोडेम बदलले, टेलिफोन खात्याला शिव्या घालून झाल्या... शेवटी तिने ठाण्याच्या इंजिनीअरला, बाळकुमच्या भोईरला, फोन केला.

"ताई, आमचावाला पण गप बसलाय. कोणी हाक मारली तर ओ द्यायची, आपण मारायची नाही. शेठची ऑर्डर."

मावशी खो खो हसली. तिच्या मालकसाहेबांनीही अगदी हीच सेटिंग करून घेतली होती. दोन राउटर, दोघेही दुसऱ्याच्या हाकेची वाट बघत बसलेले. ती केबिनमध्ये गेली.

"साहेब, कोणीतरी आधी हाक मारायला हवी."

"त्यांना मारू दे ना! आपण वरपक्ष आहोत, मॅडम. आणि माझ्या परस्पर काही केलंत, तर उद्यापासून यायचं नाही."

हे वाक्य तिने मला जसंच्या तसं सांगितलं होतं. ह्या माणसांच्या टेबलावर संगणक आला, डोक्यातला मांडव काही उठला नाही. नोकरी जाणार हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. तरी जागेवर परत येऊन तिने सेटिंग बदलली आणि आपल्या राउटरला आधी हाक मारायला लावली. शेजार लगेच जुळला, पानं ठाण्याला पोचू लागली. ठाण्यानेच आधी हाक मारली असं समजून साहेबांनी पेढे वाटले. मग ठाण्याच्या शेठने कुठल्याशा लग्नात साहेबांना "शेवटी आलात ना आमच्या दारात" म्हणून डिवचलं, आणि दुसऱ्या दिवशी मावशी घरी.

शोकसभेत हाच गृहस्थ म्हणाला, "उषाताई आणि मी, आम्ही दोघांनी ही दोन शहरं जोडली." आम्ही! ज्याने जोडणाऱ्या हाताला दार दाखवलं, तो.

वर्तकनगरच्या तिच्या खोलीतला फोन अजून वाजतो. "उषाताई आहेत का? पान जात नाहीये..." काय सांगायचं?

पुढच्या महिन्यात डोंबिवलीत ह्या साहेबांचा 'संगणक युगाचे शिल्पकार' म्हणून सत्कार आहे. शाल-श्रीफळ, भाषणं, सगळं. तुमच्याकडे पत्रिका आली असेल, तर जरूर जा. टाळ्या थांबल्या की उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एवढंच विचारा : साहेब, आधी हाक कोणी मारली, आणि तुम्ही तिचं काय केलंत?